अर्जुनी, पण कोणती?

जर्मनीत फ्रँकफर्ट दोन आहेत. मोठा विमानतळ आणि बँका असलेलं फ्रँकफर्ट माइन नदीवरचं, आपल्याकडचे आयटीवाले जातात ते. दुसरं पार पोलंडच्या सीमेला टेकलेलं, ओडर नदीवरचं. घोटाळा नको म्हणून तिथे गावाच्या नावाला नदीचं नाव जोडतात. गोंदिया जिल्ह्यात हे काम सडकेने केलं आहे.

१ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात तालुके आठ आणि त्यांतल्या दोघांच्या नावात अर्जुनी. नागपूरहून रायपूरकडे जाणारा जुना ग्रेट ईस्टर्न रोड, म्हणजे आधीचा राष्ट्रीय महामार्ग ६ आणि आताचा ५३, जिच्या जवळून जातो ती सडक अर्जुनी. दुसरीने शेजारचं मोरगाव जोडून घेतलं आणि ती अर्जुनी मोरगाव झाली. घाईतली वर्तमानपत्रं तिला नुसतं ‘अर्जुनी मोर’ लिहितात. अमरावती जिल्ह्यातले चांदूर रेल्वे आणि चांदूर बाजार हे याच घराण्यातले. वऱ्हाड असो की झाडीपट्टी, वेगळेपण दाखवायला विदर्भाने रस्ता, रेल्वे, बाजार असं रोजच्या वापरातलंच काही निवडलं. मला हे फार शहाणपणाचं वाटतं.

परक्या माणसाची फसगत व्हायची ती रेल्वेत. गोंदिया–चांदाफोर्ट मार्गावरच्या स्थानकाचं नाव फक्त ‘अर्जुनी’, आणि ते आहे अर्जुनी मोरगावचं. सडक अर्जुनीला जायचं तर त्याच मार्गावर सौंदडला उतरावं लागतं. निवडणुकीत मात्र हा वाद मिटतो. दोन्ही अर्जुनी एकाच, अनुसूचित जातींसाठी राखीव असलेल्या अर्जुनी-मोरगाव मतदारसंघात मतदान करतात.

मोरगाव म्हटलं की उरलेल्या महाराष्ट्राला आठवतो बारामती तालुक्यातला मयूरेश्वर. जिल्ह्यातल्या गोरेगाव तालुक्याची गत त्याहून वाईट, कारण त्याची गाठ थेट मुंबईच्या लोकलशी. फिल्मसिटीचं गोरेगाव, रायगडातलं, हिंगोलीतलं आणि हे. कोकण रेल्वेने आपल्या स्थानकाला ‘गोरेगाव रोड’ म्हणून सुटका करून घेतली. गोंदियाच्या गोरेगावला मात्र असं शेपूट कुणी जोडलं नाही, त्यामुळे तिथल्या माणसाला बाहेरगावी प्रत्येक वेळी ‘गोंदियाजवळचं’ असं सांगावं लागतं.

याच्या उलट, एकाच जागेला दोन पत्ते असल्याचा नमुनाही इथेच आहे. अर्जुनी मोरगाव तालुक्यात गोठणगावजवळ १९७२ पासून तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे, नोर्ग्येलिंग. तेव्हा जिल्हा भंडारा होता. जिल्हा बदलून पाव शतक उलटलं, तरी भारतभरच्या तिबेटी लोकांत आणि त्यांच्या धरमशाळेतल्या प्रशासनात ही वसाहत अजून ‘भंडारा’ म्हणूनच ओळखली जाते. सरकारने काढलेली रेघ माणसांच्या बोलण्यात उतरायला वेळ लागतो, आणि घाई करायचं काही कारणही नाही.

टपालाला आणि कुरिअरला मात्र एवढी सवड नसते. म्हणून या भागात कुणाला पार्सल पाठवाल तेव्हा अर्जुनीच्या आधीची सडक किंवा पुढचं मोरगाव गाळू नका, तालुका लिहा आणि पिनकोड तपासून घ्या. गोरेगाव असेल तर जिल्हा आधी लिहा.