सात मिलिमीटरचं दशक

डेल्फ्टमधलं ते दुकान गेल्या महिन्यात बंद झालं. कालव्यावरून आत वळणारा बोळ, त्यात दोन गिऱ्हाइकं आली तर तिसऱ्याने बाहेर थांबावं एवढी जागा. तिथे एक डच आजोबा जुनी घड्याळं, होकायंत्रं आणि कुलपं घेऊन बसत. मागच्या काचेच्या कपाटात एकोणिसाव्या शतकातली छोटी, स्वस्त रिव्हॉल्व्हरं असत. शेवटच्या दिवशी त्यांनी मला बोलावून घेतलं आणि तंबाखूचा एक जुना पत्र्याचा डबा हातात ठेवला. आत स्प्रिंगा, स्क्रू, बारीक पिना होत्या. "रिव्हॉल्व्हरं गेली. हे कुणी घेईना," म्हणाले. स्टेशनपर्यंत मी तो डबा पोटाशी धरून चालत गेले.

या रिव्हॉल्व्हरांचा इतिहास सांगताना लोक सैन्यांपासून सुरुवात करतात. कोणत्या देशाने कोणतं मॉडेल कोणत्या साली घेतलं, याची मला कधी गोडी लागली नाही. एवढं पुरे की १८३५ च्या सुमारास पॅरिसच्या काझिमीर लफोशोने बुडाशी पिन असलेलं काडतूस आणलं आणि १८५४ मध्ये त्याच्या मुलाने, युजीनने, त्यावर चालणाऱ्या रिव्हॉल्व्हरचं पेटंट घेतलं. पुढच्या तीस-चाळीस वर्षांत बेल्जियममधल्या लिएजने ही चीज इतकी बनवली की ती कारकुनाच्या, प्रवाशाच्या, दुकानदाराच्या खिशात जाऊन बसली. मग पिनेशिवायची काडतुसं आली आणि हा सगळा पसारा माळ्यावर गेला.

माझं दशक २००३ ते २०१३. मी शिकायला डेल्फ्टला आले तेव्हा नेदरलँड्समध्ये कुणी ओळखीचं नव्हतं, आणि मराठी बोलायला आठवड्यातून एकदा कोल्हापूरचा फोन. वडिलांचं शिवाजी उद्यमनगरात लेथचं छोटं वर्कशॉप होतं. कापलेल्या लोखंडाचा आणि ऑइलचा वास हा माझ्या घराचा वास. तोच वास मला त्या बोळात आला आणि मी आत शिरले.

पहिलं रिव्हॉल्व्हर ९० युरोंना घेतलं, हप्त्याने. सात मिलिमीटरचं, तळहातात मावणारं, सहा घरांचं. चापाभोवती कडं नाही. चापच पुढे दुमडतो, खिशाच्या अस्तरात अडकू नये म्हणून. काडतुसाची पिन सिलिंडरच्या कडेच्या खाचेतून वर डोकावते आणि घोडा वरून तिच्यावर पडतो. म्हणजे भरलेलं आहे की रिकामं, हे लांबूनही दिसतं. तीच पिन खिशात ठोका लागला तर घात करायची, म्हणून ही पद्धत मागे पडली. लोखंड मऊ, नक्षी घाईची, मुठीच्या लाकडाला चीर. पण घोडा मागे ओढला की सिलिंडर बरोबर एक घर फिरून थांबतो. दीडशे वर्षांनी. मी पहिल्यांदा तो आवाज ऐकला तेव्हा वडिलांना फोन करून ऐकवला, आणि ते कसं दिसतं तेही सांगितलं.

ते म्हणाले, "हे कारखान्यातलं नाही गं. हाताने कानस मारलेली आहे."

वर्णनावरून त्यांनी जे ओळखलं ते खरंच होतं. लिएजमध्ये नळ्या एका घरी, चापाचे भाग दुसऱ्या घरी, मुठी तिसऱ्या घरी बनत. आसपासच्या खेड्यांतली कुटुंबंच्या कुटुंबं यावर जगत. मग सरकारी चाचणीगृहात बार काढून बघायचे आणि लंबगोलात ई-एल-जी ही अक्षरं व खाली तारा असा शिक्का उठवायचे. १८९३ पासून त्यावर मुकुट आला. माझ्या शिक्क्यावर मुकुट नाही, म्हणजे वस्तू त्याआधीची. बनवणाऱ्याचं नाव मात्र कुठेच नाही. उद्यमनगरात इंजिनाचे सुटे भाग करणाऱ्या किती हातांची नावं कुणी कोरली?

डच हद्दीतल्या मास्ट्रिख्टहून लिएज तीसेक किलोमीटर. रविवारी म्यूझ नदीकाठी भरणाऱ्या ला बात बाजारात मी अनेकदा हिंडले. पण सायकलस्वारांनी अंगावर येणाऱ्या कुत्र्यांना भिववावं म्हणून निघालेलं 'व्हेलो-डॉग' रिव्हॉल्व्हर मी पहिल्यांदा बघितलं ते आजोबांकडेच, निकामी केलेलं. सायकलींच्या या देशात ते हातात घेताना फार गंमत वाटली होती.

इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात मात्र मला ऐकावं लागलं. "बाईमाणसाने घरात शस्त्र?" त्यांना तेव्हा नीट उत्तर देता आलं नाही, आता देते. डच शस्त्र कायदा काळ्या दारूच्या जमान्यातल्या ठरावीक जुन्या प्रकारांना परवान्यातून सूट देतो. दारूगोळा ठेवायला नाही आणि घेऊन मिरवायलाही नाही. माझ्या घरात एकही काडतूस कधी आलेलं नाही. कोकणात मामांच्या भिंतीवर शेती संरक्षणाच्या परवान्याची ठासणीची बंदूक असायची. डुकरं हाकलणाऱ्या त्या बंदुकीला कुणी नाक मुरडलं नाही. मला या वस्तूतून कुणाला धाक घालायचा नव्हता. एका यंत्राचं पोट उघडून बघायला परवडत होतं, एवढंच. विद्यार्थिनीच्या पैशात दुसरं काय मिळणार होतं? चांगलं घड्याळ नाही, इंजिन नाही.

जानेवारी २०१३ मध्ये डेल्फ्टचं लष्करी संग्रहालय बंद झालं. सतराव्या शतकातल्या शस्त्रागारातलं ते संग्रहालय माझ्या खोलीपासून चालत दहा मिनिटांवर होतं. २०१४ अखेर सूस्टरबर्गच्या जुन्या विमानतळावर नवं राष्ट्रीय संग्रहालय उघडलं, छताला विमानं टांगलेलं, भव्य. मी गेले, बघितलं, पाय दुखेपर्यंत फिरले. चालत जाऊन एकाच कपाटासमोर तासभर उभं राहणं संपलं, ते संपलंच.

एप्रिल २०१६ पासून युरोपात निकामी शस्त्रांचे नवे नियम लागू झाले. पॅरिसच्या हल्ल्यांनंतर ते कडक होणारच होते, आणि त्यामागची भीती मी नाकारत नाही. पण निकामी केलेली जुनी वस्तू विकायची तर तिचे हलणारे भागही वेल्डिंगने जखडायचे, असं झालं. आजोबांनी व्हेलो-डॉग कपाटातून काढून घरी नेलं. विकलं नाही.

त्याच वर्षी ॲमस्टरडॅमच्या व्हॅन गॉग संग्रहालयात गंजून सच्छिद्र झालेलं एक सात मिलिमीटर रिव्हॉल्व्हर मांडलं होतं, १८९० मध्ये व्हिन्सेंटने स्वतःवर बहुधा झाडलेलं. माझ्याचंच भावंड. २०१९ मध्ये पॅरिसच्या लिलावात ते १,६२,५०० युरोंना गेलं. फ्रेंच कवी व्हर्लेनने १८७३ मध्ये ब्रसेल्सला २३ फ्रँक देऊन घेतलेल्या आणि आपल्या कवीमित्रावर, रँबोवर झाडलेल्या तसल्याच एका रिव्हॉल्व्हरला २०१६ मध्ये ४,३४,५०० युरो मिळाले. पैसे दुःखाला मिळाले, नावाला मिळाले. लिएजच्या कुठल्या घरात कुणी तो सिलिंडर कानसला, हे कुणी विचारलं नाही. त्यानंतर आजोबांकडे येणारे लोकही बदलले. "हे कुणाचं होतं?" हाच पहिला प्रश्न. "कुणाचंच नाही," असं आजोबा सांगत आणि माणूस निघून जाई.

काल रात्री मी तो डबा टेबलावर ओतला. माझ्या रिव्हॉल्व्हरचा दुमडता चाप गेली काही वर्षं सैल होता. सतरा स्प्रिंगांपैकी अकरावी बसली. चाप खटकन जागेवर आला. उरलेल्या सोळा स्प्रिंगा तेलाच्या फडक्याने पुसून मी परत डब्यात ठेवल्या आहेत.