आभाळातून कोफ्ते पडले तर?

एका गावाची गोष्ट ऐका. या गावात किराणा मालाचे दुकानच नव्हते. कारण तिथे जेवण आभाळातून पडे! सकाळी संत्र्याच्या रसाची एक सर येई, मागोमाग अंड्यांचे ढग आणि भाजलेल्या पावाचे तुकडे. वादळाची दिशा पाहून लोक ताट-वाटी घेऊन बाहेर पडत. पुढे हवामान बिघडले. अन्नाचा आकार वाढू लागला, एक अवाढव्य धिरडे शाळेवर येऊन पडले आणि शाळा बंद करावी लागली. टोमॅटोचे चक्रीवादळ आले. शेवटी शिळ्या पावाच्या होड्या करून लोकांनी गाव सोडले.

जुडी बॅरेट या लेखिकेचे आणि रॉन बॅरेट या चित्रकाराचे हे चित्रपुस्तक अमेरिकेत १९७८ साली निघाले. त्याच्या नावातच आभाळातून पडणारे मीटबॉल, म्हणजे खिम्याचे गोळे आहेत. आपल्या कोफ्त्यांचे हे भाऊबंद! गोष्ट सांगतात आजोबा, तेही अगदी गंभीर चेहऱ्याने. लोणकढी थाप मारायची रीतच अशी आहे. सांगणारा हसत नाही, ऐकणाऱ्याला मात्र हसू आवरत नाही.

पण थाप ऐकून नुसते हसून थांबायचे का? थापेत बहुधा एखादी खरी गोष्ट असते. ती फक्त ताणलेली असते. मग ती नेमकी कुठे तुटते, हे आपल्याला शोधता येईल. हातात कागद-पेन्सिल घ्या. तीन थापांची परीक्षा घेऊ.

कोफ्त्याचा वेग

आभाळातून पडणाऱ्या वस्तूचा वेग सारखा वाढत जात नाही. हवेचा विरोध वजनाइतका झाला की वेग स्थिर होतो. पावसाचा मोठ्यात मोठा थेंब सुमारे अर्धा सेंटिमीटर व्यासाचा असतो. त्याहून मोठा झाला की तो पडता पडता फुटतो. अशा थेंबाचा वेग सेकंदाला साधारण ९ मीटर असतो. तो डोक्यावर पडला तर आपण फक्त भिजतो.

आता ५ सेंटिमीटर व्यासाचा कोफ्ता घ्या. त्याची घनता पाण्याइतकी धरून गणित केले तर वेग येतो सेकंदाला सुमारे ३३ मीटर, म्हणजे ताशी जवळजवळ १२० किलोमीटर. हमरस्त्यावरच्या भरधाव मोटारीचा हा वेग झाला! ताट पुढे करणाऱ्या माणसाचे ताटही गेले आणि हातही. पहिली थाप इथे तुटली.

पण थांबा. कोफ्त्याच्या जागी बर्फाचा गोळा ठेवा. मग ही थाप उरत नाही, ती गारपीट होते. गडगडाटी ढगात हवेचे जोरदार झोत वर चढत असतात. ढगातले शून्य अंशाखाली जाऊनही न गोठलेले पाण्याचे थेंब गारेला येऊन चिकटतात आणि तिच्यावर बर्फ साचत जातो. जोपर्यंत वरचा झोत गारेला पेलतो तोपर्यंत ती वाढते. झोत जितका जोरदार, तितकी गार मोठी.

एका रात्रीत वितळलेला बर्फ

दुसरी थाप जर्मनीच्या बॅरन मुन्चाउझेनची. रुडॉल्फ एरिख रास्पे याने ती १७८५ साली इंग्रजीत छापली, आणि नंतर मुलांसाठी तिच्या कितीतरी सचित्र आवृत्त्या निघाल्या. बर्फातून प्रवास करताना बॅरनसाहेबांनी एका खुंटाला घोडा बांधला आणि तिथेच झोपले. सकाळी पाहतात तो ते स्वतः एका गावाच्या दफनभूमीत, आणि घोडा चर्चच्या कळसाला टांगलेला! रात्रीत बर्फ वितळला होता, आणि खुंट म्हणजे त्या कळसाचे टोक होते.

इतका बर्फ साचेल का? जपानमधल्या इबुकी पर्वतावर १४ फेब्रुवारी १९२७ रोजी ११.८२ मीटर जाडीचा बर्फ मोजला गेला. तीन मजली घर त्यात बुडेल. तेव्हा बर्फाच्या जाडीबद्दल बॅरनशी फार भांडायला नको. त्याची थाप तुटते ती 'रात्रीत' या शब्दाशी.

१० मीटर जाडीचा बर्फ घेऊ. घट्ट बसलेल्या हिमाच्या एका घनमीटरचे वजन ३०० किलोग्रॅम धरले तर एक चौरस मीटर जागेवर ३,००० किलोग्रॅम बर्फ झाला. एक किलोग्रॅम बर्फ वितळवायला ३,३४,००० जूल उष्णता लागते. म्हणजे एकूण सुमारे १०० कोटी जूल. भर दुपारच्या कडक उन्हातून एक चौरस मीटरला सेकंदाला जास्तीत जास्त सुमारे १,००० जूल मिळतात. तेव्हा वेळ लागेल १० लाख सेकंद, म्हणजे साडेअकरा दिवस. तेही सूर्य चोवीस तास डोक्यावर तळपत राहिला आणि सारी उष्णता बर्फाने शोषली तर. बॅरनने हे काम उरकले रात्री, सूर्य नसताना!

तोफेतली कोंबडी

तिसरी थाप वाऱ्याची. अमेरिकेच्या मैदानी भागात 'टॉर्नेडो' नावाची चक्रीवादळे येतात. ती जमिनीला टेकलेली, फिरत्या सोंडेसारखी असतात. अशा वादळाने कोंबड्यांची पिसे जागच्या जागी उपटून काढली, हे तिथले लोक पूर्वीपासून सांगत आले. थापच वाटते ना? पण एलायस लूमिस या शास्त्रज्ञाने ती हसण्यावारी नेली नाही. वादळातल्या वाऱ्याचा वेग मोजायला त्या काळी साधन नव्हते. पिसे उपटायला किती वेग लागतो हे कळले, तर कोंबडीच वेगमापक होईल, असा त्याचा विचार.

१८४२ साली त्याने एक मेलेली कोंबडी छोट्या तोफेत भरून आकाशाकडे उडवली! कोंबडीचा वेग त्याने काढला ताशी ३४१ मैल, म्हणजे सुमारे ५५० किलोमीटर. पिसे स्वच्छ उपटली गेली, पण कोंबडीच्याही चिंधड्या झाल्या. यावरून त्याने ठरवले की, वादळातला वारा याहून बराच कमी वेगाचा असला पाहिजे.

१९७५ साली बर्नार्ड व्हॉनेगट यांनी हा प्रयोग पुन्हा तपासला. कृत्रिम पावसासाठी सिल्व्हर आयोडाइडचा उपयोग शोधून काढणारे हेच ते शास्त्रज्ञ. त्यांनी दाखवून दिले की, पिसे किती घट्ट बसलेली असतात हे कोंबडीच्या अवस्थेवर अवलंबून असते. घाबरलेल्या पक्ष्याची पिसे सहज सुटतात. म्हणून कोंबडीवरून वाऱ्याचा वेग ठरवता येत नाही. इथे थाप तुटली नाही, मोजपट्टी तुटली! पुढे रडार आले. ३ मे १९९९ रोजी ओक्लाहोमातल्या एका टॉर्नेडोत रडारने वाऱ्याचा वेग ताशी ४८० किलोमीटरहून अधिक मोजला.

खरे, पण थापेसारखे

आता उलटी परीक्षा. पुढच्या दोन गोष्टींपैकी थाप कोणती, सांगा.

एक : जुलै १९५९ मध्ये अमेरिकेचा वैमानिक विल्यम रँकिन याने सुमारे १४ किलोमीटर उंचीवर बंद पडलेल्या विमानातून उडी घेतली. तो थेट गडगडाटी ढगात सापडला. हवेच्या झोतांनी त्याला पुन्हा पुन्हा वर भिरकावले. सुमारे दहा मिनिटांच्या प्रवासाला चाळीस मिनिटे लागली, आणि तो जिवंत खाली उतरला.

दोन : १४ एप्रिल १९८६ रोजी बांगलादेशात गोपालगंज येथे १ किलोग्रॅमहून जड गारा पडल्या.

मित्रांनो, दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. आणि दुसरीत हसण्यासारखे काहीच नाही. त्या गारपिटीत ९२ माणसे मरण पावली. कोफ्त्याचेच गणित या गारेला लावा. वेग ताशी दीडशे किलोमीटरच्या पुढे जातो. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्रात झालेली गारपीट ज्यांनी शेतात उभे राहून पाहिली, त्यांना 'गार' या शब्दाचा अर्थ वेगळा सांगायला नको.

म्हणूनच 'असे कधी होते का?' एवढे म्हणून भागत नाही. बॅरनचा बर्फ शक्य वाटतो पण तो खोटा. एक किलोची गार अशक्य वाटते पण ती खरी. निव्वळ वाटण्यावर विसंबणारा माणूस थापेवर विश्वास ठेवील आणि वादळाच्या खऱ्या इशाऱ्याला मात्र थाप समजून घरी बसेल. पहिली चूक विनोदाची आहे, दुसरी जिवावर बेतणारी.

आता तुमची पाळी. वर्गात प्रत्येकाने हवामानाची एक झकास थाप लिहा. मग वही शेजारच्या मित्राला द्या. त्याने आकडे मांडून ती नेमकी कुठे तुटते ते शोधावे. आणि एखादी थाप तुटलीच नाही, तर ती गुरुजींना दाखवा. न जाणो, कुठेतरी ती घडलेली असेल!