आगगाडीच्या खिडकीतून सात तास

दूरचित्रवाणीवर काय पाहावे, असे कोणी विचारले म्हणजे बहुधा कथानकाची थोरवी सांगण्यात येते. येथे ज्या कार्यक्रमांची शिफारस करावयाची आहे, त्यांत कथानकच नाही. नॉर्वेच्या एन. आर. के. या सार्वजनिक दूरचित्रवाणी संस्थेने २७ नोव्हेंबर २००९ रोजी एका आगगाडीचा प्रवास दाखविला. बर्गेन ते ऑस्लो या लोहमार्गाला त्या दिवशी शंभर वर्षे पूर्ण झाली होती. एरवी अशा प्रसंगी तासाभराचा माहितीपट होतो. येथे मात्र गाडीला लागतात ते सातही तास, काहीएक न गाळता, प्रक्षेपित करण्यात आले. सुमारे अठ्ठेचाळीस लाख वस्तीच्या त्या देशात जवळजवळ बारा लाख लोकांनी त्यातील काही ना काही भाग पाहिला.

नुसते रूळ पाहण्यात कसली गोडी, ही शंका रास्त आहे. कॅसलरॉकहून कुळे स्टेशनाकडे उतरताना दूधसागर दिसताच डब्यातील सारी मंडळी एका बाजूच्या खिडक्यांकडे धावतात. परंतु धबधब्याच्या आधीचा घाट, ओले कातळ व बोगद्यांतील काळोख ज्याने मन लावून पाहिला असेल, त्याला ही शंका येणार नाही. नेहमीच्या कार्यक्रमांत काय पाहावे हे संकलक ठरवितो आणि प्रेक्षकाची नजर कंटाळण्यापूर्वीच चित्र बदलतो. येथे चित्र बदलत नाही, म्हणून नजर स्वतः हिंडू लागते. दूरचे एखादे घर दिसते व त्यात कोण राहत असेल, हा विचार मनात येतो. बोगदे दीडशेहून अधिक. त्यांच्या अंधारात जुन्या काळची चित्रे दाखविण्याची योजना मोठी मार्मिक होती.

निर्मात्यांपैकी थॉमस हेलुम यांनी एक हकिकत सांगितली आहे. शहात्तर वर्षांचे एक गृहस्थ अखेरपर्यंत पाहत बसले होते. शेवटचे स्टेशन येताच ते आपले सामान उतरविण्यासाठी उठले, तोच पडद्याची दांडी डोक्याला लागली आणि आपण घरच्याच खोलीत आहोत, हे त्यांच्या ध्यानी आले. हसू येते खरे; पण ज्यांचे प्रवास आता संपले आहेत, त्यांना असा कार्यक्रम काय देतो, हे याहून स्पष्ट कोणी सांगावे?

पुढे २०११ च्या जूनमध्ये बर्गेनहून किर्केनेसला जाणाऱ्या आगबोटीचा प्रवास दाखविण्यात आला. तो मात्र चित्रित करून ठेवलेला नव्हता, घडत असतानाच दाखविला जात होता, आणि तोही १३४ तास! उत्तरेत त्या दिवसांत सूर्य मावळत नाही, त्यामुळे रात्रीही चित्र उजळच. बोट येणार म्हणून गावोगावचे लोक निशाणे घेऊन धक्क्यावर जमू लागले. पाहणारेच कार्यक्रमात शिरले.

२०१३ मधील सरपणाचा कार्यक्रम बारा तासांचा. त्यातले आठ तास नुसती शेकोटी. लाकूड रचताना साल वर असावी की खाली, यावरून प्रेक्षकांत तक्रारी झाल्या. त्याच वर्षी मेंढीची लोकर कातरून, सूत काढून स्वेटर विणण्याचा विक्रम मोडण्याचा घाट घातला गेला. ऑस्ट्रेलियातील विक्रम पाच तासांच्या आतला; नॉर्वेच्या बायाबापड्यांना आठ तासांवर लागले. हा कार्यक्रम विणकामाची आवड नसलेल्याने सोडून द्यावा, हेच बरे.

नव्याने पाहणाऱ्याने आगगाडीपासून आरंभ करावा. ती इंटरनेटवर पाहावयास मिळते. सारे सात तास एका बैठकीत पाहण्याचा अट्टाहास नको. समुद्रसपाटीपासून १,२२२ मीटर उंचीवरील फिन्से स्टेशनच्या मागचा-पुढचा तासभर पुरे. भाषा कळत नाही म्हणून अडत नाही. पाहताना डुलकी लागली तरी उठल्यावर गाडी चालूच असते.

२०१७ मध्ये सामी लोकांच्या रेनडिअरांच्या कळपाचे स्थलांतर असेच दाखविण्यास घेतले होते. कळप वेळापत्रक पाळीना, आणि अखेर प्रक्षेपण मध्येच थांबवून जनावरांची वाट पाहावी लागली.