विश्लेषण : पदवीला संगीत ‘मायनर’ घ्यावे का?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणामुळे अर्थशास्त्र किंवा भौतिकशास्त्राची पदवी घेतानाच संगीत हा दुय्यम विषय निवडण्याची वाट मोकळी झाली आहे. पण गुणपत्रिकेवर संगीत असणे आणि गाता-वाजवता येणे यांत अंतर आहे. प्रवेशाआधी काय तपासावे?

‘मायनर’मध्ये संगीत किती?

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या डिसेंबर २०२२ च्या आराखड्यानुसार तीन वर्षांची पदवी किमान १२० श्रेयांकांची असते आणि त्यांतील २४ दुय्यम विषयाचे, म्हणजे एक पंचमांश. चार वर्षे पूर्ण केल्यास ते ३२ होतात. विद्यापीठागणिक हा आकडा थोडा कमी-अधिक असू शकतो.

खरा मुद्दा तासांचा कसा?

एक श्रेयांक म्हणजे व्याख्यानाचे १५ तास किंवा प्रात्यक्षिकाचे ३० तास. त्यामुळे २४ पैकी १२ श्रेयांक प्रात्यक्षिकाचे असतील, तर तीन वर्षांत ३६० तास गाण्या-वाजवण्यासाठी मिळतात. सगळेच लेखी असतील तर तेवढेच ३६० तास विद्यार्थी थाट, श्रुती, घराण्यांचा इतिहास आणि रागांची शास्त्रीय माहिती लिहून घेईल. तंबोऱ्याशी त्याची गाठ पडेलच असे नाही. दोन्ही गुणपत्रिका वरवर पाहता सारख्याच दिसतील. शिवाय रोज एक तास रियाज करणाऱ्याचे तीन वर्षांत हजाराहून अधिक तास होतात. महाविद्यालय रियाजाची जागा घेऊ शकत नाही, फार तर त्याला दिशा देऊ शकते.

तुकडीचा आकार हा त्याहून दुर्लक्षित प्रश्न. वर्गात ४० मुले असली तर तासाभरात एकेकाच्या वाट्याला दीड मिनिट येते. एवढ्यात कुणाचा कोमल गंधार चढा लागतो, कुणाची सम चुकते, हे शिक्षकाने कसे ऐकावे? सामूहिक गायन होते, शिकवणे होत नाही. रसायनशास्त्राच्या प्रात्यक्षिकासाठी लहान तुकड्या पाडणारे महाविद्यालय संगीतासाठी त्या पाडते का, हे प्रवेशावेळी बेलाशक विचारावे.

शिक्षक आणि वेळापत्रक?

शिक्षक पूर्णवेळ आहे की तासिका तत्त्वावर, हेही पाहावे. तो दुसऱ्या वर्षी निघून गेला तर विषय पुढे कसा चालणार? ‘वाद्यसंगीत’ या नावाखाली प्रत्यक्षात तबलाच शिकवला जातो की सतारही, याचीही खात्री करावी. विज्ञानाच्या विद्यार्थ्याने प्रयोगशाळेची वेळ आणि संगीताची वेळ एकच नाही ना, एवढे तरी बघावेच.

आधीच क्लासला जाणाऱ्यांनी हा विषय का घ्यावा?

गुरूकडे शिकावे की वर्गात, हा वाद नवा नाही. पं. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले, तेव्हापासून तो सुरू आहे. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक ते अलंकार या परीक्षा महाराष्ट्रात घरोघरी परिचित आहेत. दहावीला शास्त्रीय कलांचे वाढीव गुणही अनेकांनी घेतलेले असतात. मात्र त्या परीक्षा विद्यापीठाच्या पदवीपासून स्वतंत्र आहेत. ‘मध्यमा’ झालेल्या मुलीला ‘मायनर’च्या पहिल्या सत्रात पुन्हा अलंकार आणि भूप घोटावा लागण्याची शक्यता असते. तिच्यासाठी स्वरलेखन, सौंदर्यशास्त्र, संगीताचा इतिहास, ध्वनिमुद्रण असे घटक अभ्यासक्रमात असतील, तरच निवड फायद्याची. नवख्याचे उलट आहे: त्याला प्रात्यक्षिकच हवे.

पुढे संगीतात एमए करता येईल?

आयोगाच्या २०२४ च्या पदव्युत्तर आराखड्यानुसार मुख्य किंवा दुय्यम, दोन्हींपैकी कोणत्याही विषयात पदव्युत्तर प्रवेशासाठी विद्यार्थी पात्र ठरतो. वाणिज्य शाखेच्या पदवीधराला संगीताकडे वळण्यासाठी ही मोठीच सोय. मात्र पात्रता म्हणजे प्रवेश नव्हे. संगीताच्या प्रवेशात सहसा प्रत्यक्ष सादरीकरणाची चाचणी असते. तिथे परीक्षक एखादा राग विलंबित आणि द्रुत लयीत मांडायला सांगतात आणि समोर तीन वर्षे मुख्य विषय म्हणून संगीत शिकलेली मुलेही बसलेली असतात.