उंटवाल्याची वाट

रात्री चरायला सोडलेले उंट सकाळी त्या जागेवर नसतात. त्यामुळे उंटवाल्याचा दिवस सुरू होतो तो माग काढण्याने, चहा त्यानंतर. पुढच्या दोन पायांना आखूड दोरीचा पायबंद असल्यामुळे जनावराला पळता येत नाही, पण तोकडी पावलं टाकत, एकेक झुडूप ओरबाडत ते रात्रभरात बरंच लांब जातं. जैसलमेरच्या नैऋत्येला असलेल्या खुडी गावाबाहेर डिसेंबरातल्या एका पहाटे असाच एक उंटवाला डोक्याला फेटा, अंगावर जाड शाल आणि हातात नुसती दोरी घेऊन निघाला. नजर वाळूवर, चाल सावकाश. मागे पुण्याहून आलेल्या पर्यटकांपैकी दोन शाळकरी मुलं, अर्धवट झोपेत.

उंटाचं पाऊल दोन बोटांचं, ताटलीएवढं आणि काठाला पुसट. नवख्याला सगळी पावलं सारखीच दिसतात. उंटवाला मात्र बोट दाखवत सांगतो: हा आपला, तो शेजाऱ्याचा. आपल्या उंटाच्या मागच्या डाव्या पायाचं नख झिजलंय, त्यामुळे तिथे वाळूवर ओरखडा उठत नाही. मग तो वाकून आणखी एक गोष्ट दाखवतो. पावलाच्या आतून शेणकिड्याची बारीक रेघ गेली आहे. किडे रात्री फिरतात. म्हणजे उंट त्यांच्याही आधी इथून गेला. पुढे एका झुडपाभोवती पावलांचा नुसता गोंधळ आहे. रात्री जनावर इथेच बसलं होतं. तिथून निघालेल्या पावलांच्या कडा अजून ढासळलेल्या नाहीत आणि त्यांवर किड्याची रेघही नाही. पुढच्याच टेकाडापलीकडे उंट सापडतो, तोंडात काटेरी फांदी घेऊन.

थरच्या वाळवंटात चोरीला गेलेली जनावरं पिढ्यान् पिढ्या याच विद्येने शोधली गेली. माग काढणाऱ्याला इथे खोजी म्हणतात, गुजरातेत पगी. १९६५ आणि १९७१ च्या युद्धांत लष्कराला वाट दाखवणारे रणछोडदास पगी याच परंपरेतले. सहलीच्या पत्रकात यातलं काही छापलेलं नसतं. तिथे सूर्यास्त असतो, लोकनृत्य असतं, तंबूतलं जेवण असतं आणि शेवटी एका ओळीत 'कॅमल सफारी'. ही एक ओळ ज्याच्या अंगावर उभी आहे, त्या माणसाला येणारं काम त्या सगळ्या कार्यक्रमापेक्षा मोठं आहे, आणि ते पाहायचं तर सकाळपासून त्याच्याबरोबर राहावं लागतं.

पलाण चढवायला घाई चालत नाही. उंट बसवून आधी पाठीवरून हात फिरवायचा. या भागात भुरट नावाचं गवत आहे. त्याचे काटेरी गोंडे लोकरीत, गोधडीत, पायजम्यात, कशातही अडकतात. असा एक गोंडा पलाणाखाली राहिला तर दिवसभराच्या ओझ्याने तिथे जखम होते, जखम चिघळली की उंट घरी बसतो आणि ऐन हंगामातली कमाई बुडते. म्हणून उंटवाला गोधडी उन्हाकडे धरून इंच न् इंच तपासतो, गोंडे नखाने उपटतो. मग मदाराच्या पुढे आणि मागे टेकणारी लाकडी चौकट ठेवतो. मदार मधे मोकळं राहतं, कण्यावर लाकूड टेकत नाही, वजन दोन्ही बाजूंच्या बरगड्यांवर उतरतं. छातीखालून तंग आवळला की त्यात दोन बोटं घालून पाहायची. त्यावर आणखी गोधड्या येतात. त्याच रात्री पाहुण्यांचं अंथरूण होतात. बाजूंना पाण्याचे कॅन, कणीक, डाळ, कांदे-बटाटे आणि उंटासाठी गवारीचा वाळका चारा.

पुण्याच्या गटातल्या साठी ओलांडलेल्या बाई पलाणावर बसल्या तेव्हा उंटवाला फक्त एवढंच म्हणाला, "माताजी, पहले पीछे झुकना." उंट उठतो तो आधी मागच्या पायांवर, त्यामुळे स्वार एकदम पुढे फेकला जातो, लगेच पुढचे पाय सरळ होतात आणि तोच माणूस मागे कलतो. बसताना पायांचा क्रम उलटा. माताजींनी 'अगं बाई!' म्हणत पलाण घट्ट धरलं, आणि पुढच्या क्षणी जमिनीपासून पुरुषभराहून जास्त उंचीवर बसून त्या हसत होत्या.

उंट एका बाजूचे दोन्ही पाय एकाच वेळी उचलतो, म्हणून त्याच्या पाठीवर माणूस डावी-उजवीकडे झुलत राहतो. कंबर ताठ धरली की तासाभरात मांड्या भरून येतात. ती सैल सोडायला उंटवाला वारंवार सांगतो आणि अधूनमधून सगळ्यांना खाली उतरवून चालायला लावतो. ताशी चार-पाच किलोमीटरचा हा वेग नकाशा पाहणाऱ्याला कमी वाटेल. जमीन पाहायची असेल तर तो नेमका आहे. मराठ्यांच्या काळात पत्रं घेऊन दौडणारे सांडणीस्वार मात्र याच्या कितीतरी पट वेगाने जात. त्यांच्याखाली उंटिणी असत. खुडीत पलाणाखाली दिसतात ते नर. माद्या कळपात राहतात, आणि हा फरक पुढे महत्त्वाचा ठरतो.

वाळवंट म्हणजे वाळूचे डोंगर, ही अपेक्षा पहिल्या तासातच मोडते. सुरुवातीला लागते ती दगडगोट्यांची सपाटी, कापणी झालेली बाजरीची आणि गवारीची शेतं, मधेच पावसाचं पाणी अडवून ओलीवर पीक घेण्यासाठी घातलेला मातीचा बांध. या बांधाच्या शेतीला खडीन म्हणतात. पालीवाल ब्राह्मणांनी ती इथे नावारूपाला आणली. त्यांचं ओस पडलेलं कुलधरा गाव पर्यटक भुताखेतांच्या गोष्टींसाठी पाहतात. वर्षाला जेमतेम वीस सेंटिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या प्रदेशात गहू-हरभरा पिकवणाऱ्या माणसांची ओळख भुतांवरून व्हावी, याचं वाईट वाटतं.

उंटवाला झाडं ओळखतो ती कोण काय खातं यावरून. रुईच्या वाटेला उंट सहसा जात नाही. केर, म्हणजे आपल्याकडची नेपती, तिच्या फळांचं लोणचं आणि भाजी. फोगच्या कळ्या दह्यात कालवायच्या. आणि सगळ्यांत मानाची खेजडी: तिचा पाला जनावरांना, शेंगांची सांगरी माणसांना, सावली दोघांना. दसऱ्याला आपण जिची पूजा करतो ती शमी हीच. १७३० मध्ये जोधपूरजवळच्या खेजडलीत ३६३ बिष्णोई याच झाडांना मिठी मारून कापले गेले. पुण्याच्या मुलांनी ती गोष्ट ऐकली आणि नंतर प्रत्येक खेजडीपाशी उंट थांबला की त्यांनी त्याला ओढलं नाही, पोटभर खाऊ दिलं.

क्षितिजावर पवनचक्क्या फिरताना दिसतात. त्यांच्या आणि सौर प्रकल्पांच्या वीजवाहिन्यांवर आदळून माळढोक मरतात. सोलापूरजवळचं नान्नज अभयारण्य ज्या पक्ष्यासाठी केलं, त्याचा शेवटचा मोठा आसरा हाच जैसलमेरचा मुलूख आहे. तारा जमिनीखालून न्याव्यात असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये दिला होता. पुढे २०२४ मध्ये तो सौम्य केला. या वाटेवर माळढोक दिसेल अशी आशा कोणी धरत नाही. तितर, चिंकारा आणि वाळूत बिळं करणारे उंदीर मात्र भरपूर.

दुपारी हाळावर उंट पाणी प्यायला. त्याची मान वाकली ती बराच वेळ वर आलीच नाही. तहानलेला उंट दहा-पंधरा मिनिटांत शंभर लिटरपर्यंत पाणी पिऊ शकतो. इतकं पाणी एकदम पोटात गेलं तर दुसऱ्या प्राण्याच्या रक्तपेशी फुटतील. उंटाच्या पेशी लांबट असतात आणि फुगूनही टिकतात. उन्हाळ्यात त्याचं अंग पहाटे ३४ अंशांवर उतरतं आणि दुपारी ४१ पर्यंत चढू दिलं जातं, म्हणजे घामावाटे जाणारं पाणी वाचतं. मदारात पाणी असतं का, या मुलांच्या प्रश्नावर उंटवाल्याने मदारावर थाप मारली. चरबी. ताठ असेल तर जनावर खाऊन-पिऊन सुखी, कललं असेल तर मालकाला विचारा काय चाललंय.

त्याच हाळावर दुसऱ्या गावचा एक नर आला आणि उंटवाल्याच्या हालचाली बदलल्या. त्या नराच्या तोंडाला फेस होता, दात करकरत होते, मानेमागची जागा काळपट ओली झाली होती. मग घशातून बुडबुड्यांचा आवाज आला आणि तोंडाच्या कडेने गुलाबी फुगा बाहेर लोंबला. मुलांना वाटलं जीभ. तो मऊ टाळूचा भाग. माजावर आलेला नर तो फुगवून दाखवतो. उंटांचा माज हिवाळ्यात येतो आणि पर्यटकांचा हंगामही ऑक्टोबर ते मार्च असाच असतो. म्हणजे ज्या महिन्यांत नर सर्वांत चिडका, खाण्यावरून मन उडालेला आणि चावरा असतो, नेमक्या त्याच महिन्यांत त्याच्या पाठीवर शहरातली माणसं बसतात. उंटवाल्याने काही न बोलता आपले उंट वाऱ्याच्या दुसऱ्या बाजूला नेले, मुलांना आपल्या मागे घेतलं आणि तो नर निघून जाईपर्यंत वेसण हातातून सोडली नाही. फेरी सुखरूप होते ती अशा न बोलता घेतलेल्या निर्णयांमुळे.

जेवण लगेच झालं. तीन दगडांची चूल, डाळ, बटाट्याची भाजी, हातावर थापलेल्या जाड रोट्या; भांडी कोरड्या वाळूने घासली की पाण्याचा थेंब लागत नाही. संध्याकाळी वाळूच्या टेकड्या आल्या, सगळ्यांनी फोटो काढले आणि रात्री थंडीने सगळ्यांना गोधड्यांत घातलं.

जैसलमेरच्या पश्चिमेला चाळीसेक किलोमीटरवर समच्या टेकड्या आहेत. बहुतेक सहली खुडीऐवजी तिथेच जातात. संध्याकाळी चारनंतर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उंट रांगेने बसलेले असतात, जीपगाड्या वाळूवर घरघरतात, तंबूंच्या वसाहतींमधून ध्वनिवर्धक सुरू होतात. मांगणियार गायकांचं कमायचा हे वाद्य त्यात ऐकू येणंही अवघड. अर्ध्या तासाची फेरी, उतरलेल्या प्रवाशाच्या जागी लगेच दुसरा. उंट दिवसभरात किती वेळा बसला-उठला याची मोजदाद नाही, आणि चरण्याला वेळच नाही. वाळूत प्लॅस्टिकच्या पिशव्या आहेत आणि उंट त्या खातात. समचा उंटवाला खुडीवाल्याइतकाच जाणता असतो. पण त्याच्या विद्येला अर्ध्या तासात वाव मिळत नाही. ज्याला जमेल त्याने एक रात्र तरी वाळूत काढावी, कारण मुक्कामाच्या पैशात उंटाला चालायला, चरायला आणि थांबायला मिळतं.

हा आग्रह धरण्यामागे कारण आहे. विहिरीची मोट, नांगर, सामानाची गाडी, सावकाराचा प्रवास ही सगळी कामं उंटाकडून ट्रॅक्टर आणि जीपने घेतली. इंदिरा गांधी कालव्याचं पाणी आलं तिथे कुरणांची शेतं झाली, आणि ओलाव्याबरोबर माश्या वाढल्या, ज्यांच्यामुळे उंटांना सर्रा हा जीवघेणा ताप होतो. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला देशात दहा लाखांहून अधिक उंट होते. २०१९ च्या पशुगणनेत अडीच लाख उरले. आधीच्या गणनेनंतरच्या सात वर्षांतच सदतीस टक्के घट.

राजस्थान सरकारने २०१४ मध्ये उंटाला राज्यपशू केलं आणि २०१५ मध्ये कायदा करून त्याची कत्तल बंद केली, राज्याबाहेर नेण्यावर निर्बंध घातले. हेतू चांगला होता. पण बाहेरचं गिऱ्हाईक तुटलं, पुष्करच्या बाजारात भाव पडले, आणि ज्यांनी शतकानुशतकं उंट पैदा केले त्या रायका पशुपालकांच्या हातात न विकले जाणारे नर उरले. पर्यटनाची कमाई पोचते ती पलाणाखालच्या नराच्या मालकापर्यंत. तेरा महिने गाभण राहून साधारण दोन वर्षांतून एकदा विणाऱ्या मादीला, आणि तिच्या मागे रानोमाळ फिरणाऱ्या माणसाला, त्यातलं काही मिळत नाही. दुधाचा एक मार्ग आहे. रायकांमध्ये उंटिणीचं दूध विकणं पूर्वी निषिद्ध मानलं जाई. आता अन्नसुरक्षा प्राधिकरणाची मान्यता आहे आणि कच्छमधलं दूध अमूलने २०१९ मध्ये बाटलीत आणलं. जैसलमेरच्या तंबूत मात्र पाहुण्याला चहा मिळतो तो पिशवीतल्या दुधाचा. तिथे उंटिणीच्या दुधाचा चहा मागणारे पाहुणे वाढले, तर कळप सांभाळणाऱ्या घरात पहिल्यांदा सफारीचे पैसे जातील.

खुडीच्या उंटवाल्याचा थोरला उंट आता म्हातारा होत चालला आहे. दोन-तीन वर्षांत दुसरा लागेल. नाचना गावाकडचे उंट देखणे आणि चालीला हलके म्हणून प्रसिद्ध. तीन-चार वर्षांचा नर आणून नाकात गिरबाण, म्हणजे वेसणीची खुंटी, घालायची आणि एक हंगाम नुसतं बसणं-उठणं शिकवायचं, असा त्याचा बेत आहे. मागचा उंट ज्या घरातून आणला, त्या घराने कळप विकून टाकला. नवं घर तो शोधतो आहे.