मांडवातलं वाय-फाय

रेंज नसलेल्या गावात, कॅमेऱ्यातून थेट प्रिंट! नगर जिल्ह्यातल्या एका लग्नात पाहिलेला हा फंडा तुमच्या घरच्या कार्यातही जमू शकतो...

एक सोप्पा प्रश्न. तुम्ही शेवटच्या ज्या लग्नाला गेलात (शेवटच्या म्हणजे शेवटी अटेंड केलेल्या, घाबरू नका!), तिथला तुमचा फोटो आत्ता कुठे आहे? मोबाइलमधला नाही. तो केव्हाच चॅटमध्ये वर वर सरकून गायब झालाय. मी विचारतेय तो मोठ्या कॅमेऱ्यातला, छत्रीवाल्या लाइटसमोरचा, 'मॅडम, जरा हनुवटी खाली' असं ऐकून काढलेला फोटो. आहे तुमच्याकडे? नाही ना? माझ्याकडेही नाही. तो असतो त्यांच्या अल्बममध्ये. आणि तो अल्बम असतो त्यांच्या कपाटात.

'लग्नात फोटो निघतो पाचशे जणांचा, बघतात वीस जण,' हे वाक्य मला ऐकवलं नगरच्या एका फोटोग्राफरनं. सावेडीत त्यांचा छोटा स्टुडिओ आहे. नाव छापू नका म्हणाले, कारण 'बाकीचे रेट विचारतील'. आपण त्यांना नुसतं दादा म्हणू. (कागदोपत्री जिल्हा २०२४ पासून अहिल्यानगर झालाय, पण दादांच्या तोंडी आणि माझ्याही, अजून नगरच!)

तर हे दादा लग्नात फोटो काढता काढताच प्रिंट हातात देतात, अशी खबर होती. त्यात काय मोठं? मुंबईत गेटवे ऑफ इंडियासमोरचे फोटोग्राफर गळ्यात कॅमेरा आणि बॅगेत प्रिंटर घेऊन हेच तर करतात. त्यांच्यावर २०१९ मध्ये 'फोटोग्राफ' नावाचा सिनेमाही येऊन गेला. पण दादांचा प्रिंटर त्यांच्यापासून साठ-सत्तर फूट लांब, टॉवेल-टोपीच्या टेबलाशेजारी होता. मध्ये वायर नाही. आणि लग्न होतं अकोले तालुक्यात, राजूरच्याही पुढे, जिथे माझ्या मोबाइलनं रेंजची एक दांडीसुद्धा दाखवली नाही.

'नेट नाही, मग फोटो जातो कसा?' मी विचारलं.

'ताई, नेट कोणाला पाहिजे? नेटवर्क पाहिजे!'

नेट वेगळं, नेटवर्क वेगळं

आपण ऑफिसात दिवसभर वाय-फायवर असतो, म्हणून वाय-फाय म्हणजे इंटरनेट असं डोक्यात पक्कं बसलंय. खरं तर वाय-फाय म्हणजे दोन यंत्रांनी एकमेकांशी बोलायची हवेतली वाट. ती वाट पुढे जगाला जोडलेली असलीच पाहिजे असं काही नाही. दादांकडे तळहाताएवढा राउटर आहे, पॉवर बँकवर चालणारा. तो मांडवाच्या खांबाला उंच बांधला की झालं. कॅमेरा त्याला जोडलेला, लॅपटॉप त्याला जोडलेला, दोघांना आपापला आयपी पत्ता मिळालेला. बाहेरच्या जगाशी संबंध शून्य. एका मांडवापुरतं गाव वसवायचं, जेवणं उरकली की गुंडाळायचं.

'उंच' हा शब्द महत्त्वाचा बरं का. माणसाच्या शरीरात पाणी भरपूर, आणि पाणी या लहरी शोषून घेतं. राउटर टेबलावर ठेवला आणि समोर वऱ्हाड उभं राहिलं, की सिग्नल अडलाच. शिवाय शहरातल्या कार्यालयात प्रत्येकाच्या खिशात फोन, प्रत्येकाचं हॉटस्पॉट चालू. जुन्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांत न मिसळणारे चॅनल जेमतेम तीन. तिथे पाचशे लोकांत कॅमेऱ्याचा आवाज ऐकणार कोण? म्हणून दादा शक्य तिथे ५ गिगाहर्ट्झ वापरतात. त्याचा पल्ला कमी, पण गर्दीही कमी. राजूरकडे मात्र उलटं सुख. कोणाला रेंजच नाही, त्यामुळे हवा मोकळी!

आता फोटो जातो कसा ते. कॅमेऱ्यात एफटीपी नावाची सोय असते. या पद्धतीची पहिली आवृत्ती १९७१ सालची, म्हणजे आपल्या आईबाबांच्या पिढीतली. काम पोस्टमनचं : या डब्यातली फाइल उचल, त्या डब्यात टाक. दादांच्या लॅपटॉपवर एक फोल्डर आहे, त्यावर डोळा ठेवून बसलेलं सॉफ्टवेअर आहे. फोल्डरमध्ये फोटो पडला रे पडला, की ते प्रिंटरला हुकूम सोडतं. प्रिंटर रोलवाला. दहा-पंधरा सेकंदांत चार बाय सहाची प्रिंट बाहेर. एका रोलमध्ये सातशे.

मग प्रत्येक क्लिकची प्रिंट निघते का? छे! मान्यवरांच्या सत्कारातच अर्धा रोल संपेल (नगरकडचं लग्न पाहिलंय ना तुम्ही?). दादांनी कॅमेरा असा लावलाय की मागच्या स्क्रीनवर फोटो बघून बटण दाबला तरच तो निघतो. डोळे मिटलेले, तोंडात घास असलेले फोटो कॅमेऱ्यातच राहतात. अजून एक युक्ती म्हणजे फाइल लहान ठेवायची. चार बाय सहाच्या चांगल्या प्रिंटला एका इंचात ३०० ठिपके लागतात, म्हणजे १८०० गुणिले १२००. साधारण बावीस लाख पिक्सेल पुरे. कॅमेरा मात्र दोन कोटी चाळीस लाखांचा. ते सगळं ओझं हवेतून कशाला पाठवायचं? मूळ रॉ फाइल कार्डावर राहते, लहान जेपीईजी तेवढी उडत जाते.

प्रिंट कोणाला?

इथे मला वाटलं होतं, पहिल्या प्रिंट नवरीच्या मैत्रिणींना जाणार. त्या टेबलाभोवती घिरट्या घालत होत्याच. पण दादांचा हिशोब वेगळा होता. मंगलाष्टकं झाली, पंगती बसायला लागल्या आणि त्यांनी म्हातारी माणसं शोधायला सुरुवात केली. खुर्चीवर बसवून, मागे मांडवाचा कोरा पांढरा कपडा, डोक्यावरचा पदर सारखा करून, टोपी सरळ करून, एकेकाचा एकट्याचा फोटो. दोन मिनिटांत प्रिंट हातात.

'हे पॅकेजमध्ये आहे?' मी विचारलं.

'नाही. हे माझं.'

मग त्यांनी जे सांगितलं ते ऐकून मी वही बाजूला ठेवली. स्टुडिओत वर्षभर सगळ्यात जास्त येणारं काम कोणतं? प्री-वेडिंग नाही, पासपोर्ट नाही. गेलेल्या माणसाचा फोटो मोठा करून देणं. दशक्रियेच्या आधी हवा असतो, हार घालायला. मुलगा येतो, बरोबर आधार कार्ड घेऊन. नाहीतर कुठल्या तरी लग्नाचा ग्रुप फोटो, त्यात तिसऱ्या रांगेत, दोन फेट्यांच्या मधे आजीचा अर्धा चेहरा. 'हीच आमची आई, एवढीच आहे, काढा यातून.' आधारवरच्या त्या करड्या, दचकलेल्या चेहऱ्याला दादा रंग भरतात, साडीचे काठ काढतात. 'आयुष्यभर चार-चार पोरांच्या लग्नात ती बाई मिरवली, पण एक फोटो तिचा एकटीचा नाही. कोणी म्हटलंच नाही की तू बस, तुझा काढतो.'

आणि फोटो काढला तरी तो तिच्यापर्यंत पोचत नाही, ही खरी गोम आहे. लिंक पाठवणार कोणाला? तिच्याकडे फोन असलाच तर बटणांचा. नातवाच्या फोनमध्ये आला तर नातू पुण्याला. म्हणून तिथल्या तिथे, तिच्या हातात. राजूरकडच्या त्या लग्नात एका आजींनी प्रिंट हातात घेतली, लांब धरली, जवळ धरली आणि विचारलं, 'ही कोण?' शेजारची म्हणाली, 'तूच की गं!' आजींनी ती प्रिंट पदराच्या टोकात पैशासारखी बांधली. तेवढीच एक घडी पडली असेल प्रिंटला. पडू दे.

मांडवात स्वयंपाकाला आलेल्या दोन मावश्याही रांगेत येऊन उभ्या राहिल्या. त्यांचाही काढला. अल्बममध्ये त्या कुठेच नसतील.

केबलपासून क्लाउडपर्यंत

कॅमेऱ्यातला फोटो ताबडतोब माणसापर्यंत पोचवायची घाई जुनीच. ११ जून १९९७ रोजी कॅलिफोर्नियात सांता क्रूझच्या एका हॉस्पिटलमध्ये बायको बाळंतपणात असताना फिलिप कान नावाच्या उद्योजकानं कॅसिओचा डिजिटल कॅमेरा, मोटोरोलाचा फोन आणि तोशिबाचा लॅपटॉप एकमेकांना जोडले आणि नुकत्याच जन्मलेल्या लेकीचा फोटो दोन हजारांहून जास्त लोकांना धाडला. लेबर रूमबाहेर येरझारा घालण्यापेक्षा बरंच!

मग २००३ मध्ये पिक्टब्रिज आलं. कॅमेरा एका कंपनीचा, प्रिंटर दुसऱ्या, तरी मध्ये यूएसबी केबल लावली की कॉम्प्युटरशिवाय प्रिंट. २००५ मध्ये कोडॅक आणि निकॉननं वाय-फायवाले छोटे कॅमेरे काढले. २००७ मध्ये आय-फाय नावाचं कार्ड आलं. दिसायला साधं मेमरी कार्ड, पोटात वाय-फाय. भन्नाट चीज होती! पण तिचा खटका कंपनीच्या सर्व्हरशी बांधलेला. सप्टेंबर २०१६ मध्ये कंपनीनं जुन्या कार्डांचा सपोर्ट बंद केला आणि लोकांच्या हातातली धडधाकट कार्डं एका तारखेला निवृत्त झाली. म्हणून माझं स्पष्ट मत : घरगुती कामासाठी असा रस्ता निवडा, जो कोणाच्या क्लाउडवरून जात नाही. तुमच्या राउटरला तुम्ही मालक.

तुमच्या घरी कसं जमेल?

दादांचा सेटअप धंद्याचा आहे. तुम्हाला एवढा लवाजमा नको. गावी बारसं आहे, आजोबांचं सहस्रचंद्रदर्शन आहे, तर वाय-फायवाला छोटा फोटो प्रिंटर पुरतो. कॅननच्या सेल्फीसारख्या प्रिंटरला पोस्टकार्डाएवढ्या प्रिंटला पाऊण मिनिट ते एक मिनिट लागतं आणि एक प्रिंट दोन-तीन चहांच्या भावात पडते. कागद त्यातून चारदा आतबाहेर करतो. आधी पिवळा, मग किरमिजी, मग निळा, शेवटी पारदर्शक थर. पिवळ्या फेरीत सगळे भुतासारखे दिसतात. पोरांना हा कार्यक्रम प्रिंटपेक्षा जास्त आवडतो, लिहून घ्या!

कॅमेऱ्यात वाय-फाय असेल तर तो स्वतःच छोटं नेटवर्क तयार करतो. फोन त्याला जोडा, फोटो फोनवर घ्या, मग फोन प्रिंटरच्या नेटवर्कला जोडून प्रिंट सोडा. इंटरनेट लागत नाही, फक्त कंपनीचं अ‍ॅप आधीच डाउनलोड करून ठेवा, पोचल्यावर नव्हे. जोडल्यावर फोन हमखास कुरकुरतो, 'या नेटवर्कवर इंटरनेट नाही, बदलू का?' नको म्हणा! (याच युक्तीनं भंडारदऱ्याला काजव्यांच्या दिवसांत लोक ट्रायपॉडवरच्या कॅमेऱ्याला हात न लावता फोनवरून फोटो काढतात. मात्र फोनच्या स्क्रीनचा उजेड काजव्यांना मुळीच आवडत नाही, तो मिणमिणता ठेवा.)

लॅपटॉपला जोडणार असाल तर पहिल्यांदा जोडी जुळवताना दम निघतो. कॅमेरा नेटवर्कवर आहे, लॅपटॉप आहे, तरी एकमेकांना ओळख देत नाहीत. बहुतेक वेळा विंडोजनं तुमचा राउटर 'पब्लिक' म्हणून नोंदवलेला असतो आणि फायरवॉल दार लावून बसते. ते 'प्रायव्हेट' करा. ही सगळी खटपट आदल्या रात्री घरी, लग्नाच्या सकाळी नाही. पासवर्डही लावाच. साधं एफटीपी काहीच लपवत नाही, उघड्या नेटवर्कवर कोणीही डोकावू शकतं आणि फोटो दुसऱ्यांच्या घरातल्या मुलीबाळींचे असतात.

आणि लाइटचं बघा. या प्रिंटरांचं काम उष्णतेवर चालतं, प्रिंट निघताना ते बरीच वीज ओढतात. जनरेटरवर डीजे आणि प्रिंटर एकत्र लावले की प्रिंट अर्ध्यात अडकते. दादा यूपीएस बरोबर नेतात.

निघताना त्यांनी संपलेला रोल काढून पिशवीत भरला. मी म्हटलं, कचऱ्यात टाका की. त्यांनी तो उजेडात धरून दाखवला. रंगाच्या त्या पातळ फितीवर प्रत्येक चेहरा उलट्या छटांत जसाच्या तसा उमटलेला होता, निगेटिव्हसारखा. त्या आजींचाही. 'हे गावात टाकायचं नाही,' ते म्हणाले. 'स्टुडिओत नेऊन बारीक कापतो.'