गोळी तीन महिने आधी

गर्भधारणेच्या तयारीत घेतल्या जाणाऱ्या पूरक गोळ्यांमध्ये फोलिक ॲसिड सर्वांत महत्त्वाचे, आणि ते वेळेवर घेतले तरच उपयोगाचे. गर्भाच्या पाठीवरची एक चपटी पट्टी दोन्ही कडांनी उचलली जाते, कडा एकमेकींना जुळतात आणि नलिका तयार होते. मेंदू आणि मज्जारज्जू पुढे तिच्यातूनच घडतात. ही मज्जानलिका गर्भधारणेनंतर साधारण 28 दिवसांत बंद होते. तोवर पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात आणि दिवस गेल्याचे कित्येकींना कळलेलेही नसते. नलिका कण्याच्या भागात उघडी राहिली तर स्पायना बायफिडा हे व्यंग होते. डोक्याच्या बाजूला उघडी राहिली तर मेंदू व कवटी घडत नाहीत आणि बाळ जगत नाही. सोनोग्राफीत हे दिसल्यावर गोळी सुरू करून काहीच साधत नाही.

या जीवनसत्त्वाच्या शोधाचा एक धागा मुंबईत आहे. इंग्रज डॉक्टर ल्यूसी विल्स 1928 मध्ये येथे आल्या आणि गरीब, कष्टकरी गर्भवतींमधल्या एका जीवघेण्या रक्तक्षयाचा अभ्यास करू लागल्या. यीस्टच्या अर्काने तो बरा होतो, हे त्यांनी 1931 मध्ये प्रसिद्ध केले. पुढे 1941 मध्ये पालकाच्या पानांतून वेगळ्या काढलेल्या द्रव्याला पान या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून फोलिक ॲसिड हे नाव मिळाले. विल्स यांच्या अर्कातले द्रव्य याच कुळातले होते. मज्जानलिकेशी त्याचे नाते निर्विवाद ठरायला मात्र 1991 उजाडले. आधीच्या गर्भात असे व्यंग आढळलेल्या, सात देशांतल्या स्त्रियांवर ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने चाचणी घेतली. रोज 4 मिलिग्रॅम फोलिक ॲसिड घेणाऱ्यांमध्ये व्यंग पुन्हा होण्याचे प्रमाण 72 टक्क्यांनी घटले.

असा पूर्वेतिहास नसलेल्या स्त्रीला रोज 0.4 मिलिग्रॅम, म्हणजे 400 मायक्रोग्रॅम पुरते. किमान एक महिना आधी सुरुवात हवी; रक्तपेशींतला साठा भरायला दोन-तीन महिने लागतात, म्हणून तीन महिने आधी केलेली बरी. औषधांच्या दुकानात सहज हाती पडते ती बहुधा 5 मिलिग्रॅमची गोळी, गरजेच्या बारा पटींहून मोठी. आधीच्या गर्भात व्यंग आढळले असेल, मधुमेह असेल किंवा फेफऱ्याची काही औषधे चालू असतील, तर डॉक्टर ती मुद्दाम देतात. एरवी पाकिटावरचा आकडा वाचल्याशिवाय ती घेऊ नये. मेथी, पालक, हरभरा, मूग यांत फोलेट असते, पण शिजवताना आणि पाणी ओतून टाकताना बरेचसे निघून जाते. त्यामुळे चांगला आहार असला तरी गोळी लागतेच.

महाराष्ट्रात या गोळीसोबत बी12 चा विचार टाळून चालणार नाही. फोलेट आणि बी12 पेशींमध्ये एकाच साखळीत काम करतात. बी12 कमी असेल तर फोलेट निरुपयोगी रूपात अडकून पडते. मोठ्या मात्रेतले फोलिक ॲसिड रक्तक्षय झाकते, पण बी12 अभावी मज्जातंतूंची हानी आतून चालूच राहते. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने 1993 पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या माता आणि मुलांचा मागोवा घेतला. बहुसंख्य मातांमध्ये बी12 कमी होते. ज्यांच्यात फोलेट जास्त आणि बी12 कमी, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती अधिक दिसली; पुढे मधुमेहाकडे नेणारी वाट हीच. बी12 फक्त प्राणिज अन्नात असते: दूध, दही, अंडी, मासे, मांस. शाकाहारी स्त्रीने गर्भधारणेआधी रक्तातले बी12 तपासून घ्यावे, कमी असल्यास भरून काढावे. ही तपासणी अजून नेहमीची झालेली नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

‘सक्रिय फोलेट’ म्हणून मेथिलफोलेटच्या महागड्या गोळ्याही विकल्या जातात. मज्जानलिकेची व्यंगे टळतात हा चाचण्यांचा पुरावा मात्र साध्या फोलिक ॲसिडचाच आहे.

लोहाचे गणित वेगळे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (2019–21) महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54 टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. हिमोग्लोबिन आधीच तपासलेले असले तर गर्भारपणात धावपळ होत नाही. लोहाची गोळी चहासोबत किंवा कॅल्शियमसोबत घेऊ नये, लिंबू-आवळ्यासोबत ती चांगली शोषली जाते. सिंधी, कच्छी भानुशाली, लोहाणा अशा समाजांत थॅलेसेमियाचे वाहक अधिक असतात. वाहकाचा रक्तक्षय लोहाने हटत नाही आणि जोडीदारही वाहक निघाला तर बाळाला गंभीर आजार संभवतो. म्हणून ही तपासणी दोघांचीही आधीच व्हावी. आयोडीन आयोडीनयुक्त मिठातून मिळते, सैंधव मिठातून पुरेसे मिळत नाही. ड जीवनसत्त्व कमी असल्यासच जादा मात्रा घ्यावी.

काही गोष्टी टाळायच्याच असतात. रेटिनॉल रूपातले अ जीवनसत्त्व रोज 10,000 आंतरराष्ट्रीय एककांपलीकडे गेले तर गर्भात व्यंगे होऊ शकतात. कॉड माशाच्या यकृताचे तेल आणि दोन-तीन मल्टिव्हिटॅमिन एकत्र घेताना ही मर्यादा नकळत ओलांडली जाते. मुरुमांवरचे आयसोट्रेटिनॉइन निदान एक महिना आधी बंद करावे लागते. जडीबुटीच्या गोळ्यांत शिसे असू शकते. न्यूयॉर्कमध्ये 2011–12 मध्ये आयुर्वेदिक गोळ्यांमुळे शिशाची विषबाधा झालेल्या सहा स्त्रिया आढळल्या आणि त्या सगळ्या गर्भवती होत्या.

पुरुषांसाठी विकल्या जाणाऱ्या जस्त आणि फोलिक ॲसिडच्या गोळ्यांचीही परीक्षा झाली आहे. वंध्यत्वावर उपचार घेणाऱ्या 2,370 अमेरिकी जोडप्यांच्या चाचणीत (2020) त्यांनी ना शुक्राणूंचा दर्जा सुधारला, ना जन्मांची संख्या वाढली.

दिवस राहिल्यावर फोलिक ॲसिड 12 आठवडे पूर्ण होईपर्यंत तसेच चालू ठेवतात. त्यानंतर सरकारी कार्यक्रमात लोह आणि फोलिक ॲसिडची एकत्र गोळी 180 दिवस रोज दिली जाते.